चुकांचे डबे

मराठीत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात. अनेकार्थी शब्द शिकवताना हे उदाहरण आम्ही वर्गात कित्येक वर्षे देत आलो आहोत, आणि 'सुताराच्या डब्यात चुकाच चुका' हे वाक्य फळ्यावर पडले की मागच्या बाकावरची मुलेही हसतात. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ आमच्याच घरात, एकाच सागवानी खांबात रुतलेले पाहण्याची वेळ आमच्यावर २०२२ च्या उन्हाळ्यात आली. तेव्हापासून वर्गात ते उदाहरण देताना आमचे आम्हालाच थोडे अवघडल्यासारखे होते.

आमचे घर भंडाऱ्यात, वैनगंगेकडच्या सखल वस्तीत. घरामागे सपरी, आणि त्या सपरीची एक लांब भिंत बाबांची. बाबा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. आमच्या भागात सुताराला वाढई म्हणतात. बाबांची निम्मी हयात लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढईपण करण्यात गेली. नांगर, वखर, बंडीची चाके, घराच्या चौकटी ही त्यांची कामे, आणि मोबदला बहुतेक वेळा धानाच्या रूपात. आमच्या नोकऱ्यांमुळे ते शहरात आले, ते मात्र हत्यारांसकट आले. सपरीच्या भिंतीवर त्यांनी ओळीने खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येक हत्याराला त्याची जागा नेमून दिली. करवती दात भिंतीकडे करून, रंधे पाते आत घेऊन आडवे, पटाश्या एका फळीच्या खाचांतून टोके खाली करून, गुण्या आणि खतावणी हाताशी, वासला सगळ्यांत वर. प्रमाण मराठीत त्याला वाकस म्हणतात हे आम्ही एकदा बाबांना सांगितले होते. "म्हनत असतीन," एवढेच ते बोलले.

अंधारात हात घातला तरी हवे ते हत्यार हाती यावे, हा त्यांचा हिशोब. आमच्या अभ्यासिकेतली पुस्तके तशी कधीच लागलेली नाहीत. एक शब्दकोश शोधायला आम्हाला अर्धी संध्याकाळ लागते, हे त्यांनी अनेकदा पाहिलेले आहे आणि त्यावर काही न बोलण्याचा मोठेपणाही दाखवलेला आहे.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस पूर आला. वर मध्य प्रदेशात झालेला पाऊस आणि तिकडच्या धरणांतून सुटलेले पाणी वैनगंगेने आणले आणि शहराचा सखल भाग पाण्याखाली गेला. आमच्या सपरीत पाणी कमरेइतके चढले. त्याची मळकट रेघ अजून भिंतीवर आहे. दोनदा चुना लावूनही ती पुन्हा वर येते. रेघेच्या वरच्या खुंट्यांवरची हत्यारे वाचली. जमिनीवरच्या पेटीत जे होते ते चिखलात गेले: गिरमिटे, कानशी, खिळ्यांचे सगळे डबे. घरातल्या दारांची लाकडे फुगली, प्लायवूडच्या कपाटांचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. पुस्तकांचे काय झाले ते इथे सांगत नाही.

घर पुन्हा उभे करायचे तर सुतारकाम भरपूर होते आणि घरात सुतारही होता. पण सत्तरी ओलांडलेल्या त्या सुताराचा उजवा खांदा आखडलेला होता. रंधा कसाबसा चाले. हातोडी उचलली की चेहरा पांढरा पडे. बाहेरचा माणूस बोलवायचे नाव काढले की ते जेवणाच्या ताटावरून उठत. शेवटी २०२१ मध्ये आम्ही चोवीस लिटरचा एक लहान कॉम्प्रेसर आणि हवेवर चालणाऱ्या दोन नेल गन घेऊन आलो. एक एफ-३०, म्हणजे अठरा गेजचे, तीस मिलिमीटरपर्यंतचे बारीक खिळे मारणारी; दुसरी टी-५०, सोळा गेजचे, पन्नास मिलिमीटरपर्यंतचे खिळे मारणारी. गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो, हा उलटा हिशोब आमच्या ध्यानात यायला महिना गेला. बाबांनी तो एका दिवसात पचवला. डाव्या हाताने पट्टी धरायची, उजव्या हाताने गन टेकवायची आणि घोडा दाबायचा. खांद्याला काही करावेच लागत नाही. पहिला खिळा चौकटीच्या पट्टीत डोक्यासकट बुडाला तेव्हा ते बराच वेळ त्या जागेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "आवाज लय करते."

आम्ही, मराठीचे प्राध्यापक असल्याने, तिचे नाव 'वायुचलित खिळेयंत्र' असे ठेवून पाहिले. ते आमच्याशिवाय कुणाच्याही तोंडी बसले नाही. बाबा तिला बंदूक म्हणत, आणि त्यांचेच नाव बरोबर होते हे पुढे कळले.

तिला ठेवायचे कुठे, हा प्रश्न पहिल्या संध्याकाळी उभा राहिला. भिंतीवर खुंट्या मोकळ्या होत्या, पण बाबांनी तिथे ठेवू दिले नाही. "थे पाव्हनी हाये," ते म्हणाले. पाहुणीला घरच्यांच्या ओळीत जागा नसते. आम्हाला हा वृद्धाचा हट्ट वाटला. पुराच्या अनुभवाने आम्ही इतके शहाणे झालो होतो की जमिनीवर काहीही ठेवायचे नाही, एवढा एकच नियम आमच्या डोक्यात होता. प्लॅस्टिकच्या पेटीत गन ठेवल्या, पण पेट्यांना पावसाळ्यात आत घाम फुटतो, म्हणून त्या बाहेर काढल्या. बाबा आठ दिवस गावी गेले तेव्हा आम्ही वासल्याशेजारी दोन नवे लोखंडी आकडे ठोकले आणि दोन्ही गन तिथे टांगल्या. फार सुबक दिसले. करवतींच्या मागे पेन्सिलीने त्यांच्या आकृत्याही काढल्या. कुठले हत्यार जागेवर नाही ते नुसत्या नजरेने कळावे म्हणून मोठ्या कारखान्यांतून असे करतात, हे आम्ही वाचले होते. बाबा परत आले, त्यांनी भिंत पाहिली आणि त्या आकृत्यांबद्दल विचारले. गनबद्दल काही विचारले नाही. कदाचित थकले असतील.

खिळ्यांचे डबे हा वेगळा अध्याय. गनचे खिळे सुटे नसतात. सरसाने एकमेकांना चिकटवलेल्या पट्ट्या असतात. दमट हवेत तो सरस ढिला होतो, पट्टी तुटते, तुकडे आत तिरपे अडकतात. सोळाची पट्टी अठराच्या गनमध्ये बसत नाही, पण लांबीत चूक होऊ शकते आणि वीसच्या जागी तीसचा खिळा गेला की तो पट्टीच्या पलीकडून डोके काढतो. आम्ही झाकणे घट्ट बसणारे डबे आणले, त्यांत वाळलेल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि संगणकावर छापलेली सुंदर लेबले लावली: प्रकार, गेज, लांबी. जाड चष्म्यातूनही बाबांना ती वाचायला त्रास होई. एका सकाळी पाहिले तर प्रत्येक डब्याच्या पुढ्यात, आमच्या लेबलाच्या बरोबर मधोमध, त्या त्या जातीचा एकेक खिळा चिकटवलेला. बोट लावले की लांबी कळते आणि जाडीही. लेबले आजही तिथे आहेत. वाचत मात्र कुणी नाही, आम्हीसुद्धा नाही.

आता त्या दुपारकडे यायला हवे.

मे महिना होता. कुलर समोर लावून बाबा सपरीत एका खिडकीची पट्टी बसवत होते. त्यांनी एफ-३० मागितली. आमची लेक, तेव्हा अकरा वर्षांची, खांबाला टेकून आंबा खात उभी होती. आमच्यापैकी एकाने हात वर करून गन आकड्यावरून काढली. नळी जोडलेली नव्हती. कॉम्प्रेसरही बंद होता. आकडा घोड्याच्या मागे गेलेला होता हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. गन वर उचलली तसा आकड्याने घोडा दाबला गेला, फट् असा आवाज झाला आणि खिळा खांबात जाऊन बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर, वाकलेला. खांब आणि लेकीचा कान यांच्यामध्ये एक वीत अंतर होते. ती रडली नाही. तिने आंबा खाली ठेवला आणि विचारले, "वायर तर लावलीच नव्हती ना?"

प्रश्न अगदी बरोबर होता. नळी काढलेली असताना गन चालली कशी? त्या रात्री आम्ही दोघे झोपलो नाही आणि झोपलो नसल्याचे एकमेकांना सांगितलेही नाही. दुसऱ्या दिवशी एका फर्निचरवाल्या कारागिराला बोलावले. त्याने गन हातात घेतली आणि मिनिटभरात दाखवून दिले. नळी आणि गन जोडणारे दोन भाग असतात. एक नर, नुसती पोकळ नळकांडी, हवेला आरपार मोकळी वाट देणारी. दुसरी मादी, पितळेची, आत झडप असलेली. नर निघाला की झडप मिटते. मादी नळीच्या टोकाला असायला हवी, म्हणजे जोड सुटताच नळीतली हवा अडून राहते आणि गनमधली फुस्सकन निघून जाते. जोड बसवताना आम्ही नेमके उलटे केले होते. नळी काढली की झडप गनवरच मिटायची आणि भरलेली हवा आत कोंडून राहायची. एक खिळा मारायला तेवढी पुरते. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या गावात राहून पितळेच्या एवढ्याशा तुकड्याची आम्हाला ओळख नव्हती. शिवाय गनच्या नाकाशी काही गनना असते तशी दाबपट्टी आमच्या गनला नव्हती. ती असती तर नाक कशावर तरी टेकल्याशिवाय खिळा सुटला नसता. आणि पट्टी आत भरलेलीच ठेवून गन टांगण्याची सवय, हा तर निव्वळ आमचा आळस.

बाबा रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी पकडीने खांबातली चूक काढली आणि मग बराच वेळ भिंतीसमोर बसून राहिले. नंतर जे बोलले ते आमच्या शब्दांत सांगायचे तर असे: या भिंतीवरचे एकही हत्यार आपणहून काही करत नाही, करवतीला दात आहेत, पण ते ओढायला माणूस लागतो. हिच्या पोटात मात्र माणसाचा जोर आधीच भरून ठेवलेला असतो, आणि माणूस निघून गेला तरी तो तिथेच राहतो. म्हणून ती ओळीत नको. हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळलेले होते. 'पाव्हनी' या शब्दात त्यांनी ते सांगितलेही होते. शब्दांचे अर्थ लावणे हा आमचा पोटाचा व्यवसाय, आणि तो शब्द आम्ही हट्ट म्हणून मोडीत काढला होता.

पुढचे पंधरा दिवस दुखऱ्या खांद्याने, वासला आणि पटाशी घेऊन, एकही खिळा न वापरता त्यांनी शिवणीच्या लाकडाचे एक खोके केले. ते पुराच्या रेघेच्या हातभर वर, नळी पोचणार नाही अशा कोपऱ्यात बसवले आहे. दोन गनसाठी आत दोन घरे. प्रत्येक घरात एक आडवी लाकडी जीभ आहे, आणि गनचे मॅगझिन मागे ओढून उघडलेले, रिकामे असेल तरच ती जीभ मॅगझिनच्या खाचेत शिरते. भरलेली किंवा मिटलेली गन त्या घरात बसतच नाही. बाहेर तिरपी उभी राहते आणि झाकण लागत नाही. घोड्याला मागून-पुढून काही लागू नये म्हणून तिथे लाकूड कोरून काढले आहे. आम्ही त्यांना मॅसॅच्युसेट्समधल्या हेन्री स्टडली या पियानो-कारागिराच्या हत्यारपेटीचे छायाचित्र दाखवले होते. महोगनीची, भिंतीवर टांगायची ती पेटी पुस्तकासारखी उघडते आणि तीनशेच्या आसपास हत्यारे तीत दागिन्यांसारखी जडवलेली आहेत. बाबांनी ते छायाचित्र मन लावून पाहिले. "हे पाहाले चांगलं हाये," ते म्हणाले. त्यांच्या खोक्याला आम्ही नंतर पॉलिश करू म्हटले, तर तेही नको म्हणाले.

बाकीची शिस्त हळूहळू लागली. काम संपले की आधी नळी सुटते, मग मॅगझिन उघडते, मग हवेच्या तोंडाशी तेलाचे दोन-तीन थेंब. आमच्याकडच्या उन्हाळ्यात आतली रबरी कडी वाळून कडक होतात आणि पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीतच थिजते. ते तांबूस पाणी खालची चावी फिरवून रोज काढले नाही तर हवेबरोबर गनमध्ये जाते. जुलैत एका दिवसाचे पाणी वाटीत धरून लेकीने पाहिले आहे. हे काम आता तिच्याकडे आहे. गनला हात लावायची मुभा अजून नाही.

बाबा आता सपरीत फारसे उतरत नाहीत. खुर्ची दारात टाकून बसतात आणि आमचे हात पाहतात. गेल्या खंडेनवमीला मात्र ते भिंतीपाशी आले. वासल्यापासून सुरुवात करून त्यांनी प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावले, ओळीने, कापऱ्या बोटाने. शेवटी खोक्यापाशी थांबले. लेकीने झाकण उघडून धरले होते.

"हवा काढली का, बेटा?" त्यांनी विचारले. ती हो म्हणाली. तरीही त्यांनी आधी मॅगझिनमध्ये करंगळी फिरवून पाहिली आणि मगच कुंकवाचे बोट लावले.