उद्यांच्या जुन्या मोटारी

जुनें होणें निराळें आणि अभिजात होणें निराळें. जुनें होण्यास काळाखेरीज कोणाची मदत लागत नाहीं. अभिजात होण्यास मात्र काळाबरोबर माणसांचीही संमति लागते. ग्रंथांच्या बाबतींत ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें सांगत आलों आहों. अलीकडे तेच विद्यार्थी आम्हांला उलट विचारतात, ‘सर, ग्रंथांचें राहूं द्या, आजची कोणती मोटार घेऊन ठेवली, तर तीस-चाळीस वर्षांनीं संग्राहक तिला मागूं ती किंमत देतील?’ प्रश्न वरवर पाहतां पैशाचा आहे. परंतु त्याच्या मुळाशीं अभिरुचि आणि आठवण या दोन गोष्टी असल्यामुळें वाङ्मयाच्या शिक्षकानेंही त्यावर दोन शब्द बोलण्यास हरकत नसावी.

‘क्लासिक’ हा शब्द मूळचा लॅटिन. प्राचीन रोममध्यें मालमत्तेप्रमाणें नागरिकांचे वर्ग पाडीत, व सर्वांत वरच्या वर्गांतील मनुष्यास ‘क्लासिकुस’ म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ऑलुस गेलियुस या ग्रंथकारानें तो शब्द लेखकांना लावला, आणि त्याच्या विरुद्ध ‘प्रोलेतारिउस’ म्हणजे तळच्या वर्गांतला, हा शब्द योजिला. मोटारींच्या जगांतही प्रथम हीच वर्गवारी डोळ्यांत भरते. इटलींतील फेरारी कारखान्यानें १९६२ ते १९६४ या काळांत ‘२५० जी.टी.ओ.’ या जातीच्या अवघ्या ३६ गाड्या बांधल्या. त्यांतील एक २०१८ सालीं अमेरिकेंतील लिलावांत ४ कोटि ८४ लक्ष डॉलरांस विकली गेली. हें ऐकून कोणालाही वाटेल कीं, अशा गाडीचें भविष्य आंधळ्यासही दिसलें असतें! पण तसें झालें नाहीं. शर्यतींतून निवृत्त झाल्यावर कांहीं वर्षें त्याच गाड्या मूळ किमतीहूनही कमी दरानें विकल्या जात होत्या. ज्यांनीं त्या तेव्हां घेतल्या, त्यांनीं चालविण्याच्या हौसेनें घेतल्या.

याच्या उलट, भविष्य ओळखून ज्यांनीं खरेदी केली, त्यांची कथा पाहावी. अमेरिकेंत १९७६ सालीं कॅडिलॅक कंपनीनें आपली ‘एल्डोराडो’ ही उघड्या छपराची गाडी या देशांत तयार होणारी तशी शेवटची गाडी म्हणून विकावयास काढली. त्या वर्षीं १४,००० गाड्या निघाल्या, आणि पुष्कळांनीं त्या न वापरतां झांकून ठेविल्या. पुढें १९८४ मध्यें त्याच कंपनीनें पुन्हां उघड्या छपराची एल्डोराडो बाजारांत आणली! झांकून ठेवणारांपैकीं कांहीं जण संतापून कोर्टांत गेले. इंग्लंडमधील जॅग्वारच्या ‘एक्सजे २२०’ या गाडीचा प्रकार असाच. १९८९ मध्यें, अभिजात मोटारींचे भाव गगनास भिडले असतां, तिच्यासाठीं आगाऊ रकमा भरण्यास रीघ लागली. १९९२ मध्यें गाड्या हातीं येऊं लागल्या तेव्हां बाजार कोसळला होता, आणि कित्येक गिऱ्हाइकें करारांतून सुटण्याची धडपड करूं लागलीं. तात्पर्य हें कीं, जी वस्तु सगळेच जपून ठेवतात ती दुर्मिळ होत नाहीं, आणि जी केवळ विकण्यासाठीं घेतली जाते तिच्याशीं कोणाचीही आठवण जडत नाहीं.

मग आठवण कोणत्या गाडीशीं जडते? येथें गेलियुसचें वर्गीकरण उलटें होतें. पूर्व जर्मनींतील ‘ट्राबांट’ ही खऱ्या अर्थानें तळच्या वर्गांतली गाडी. १९५७ ते १९९१ पर्यंत तिच्या सुमारें ३० लक्ष प्रति निघाल्या. राळ आणि कापसाचे तंतु यांपासून बनविलेलें अंग, धूर ओकणारें लहानसें इंजिन, आणि तीही मिळण्यासाठीं वर्षानुवर्षांची प्रतीक्षा! १९८९ मध्यें बर्लिनची भिंत पडतांच लोकांनीं ती कवडीमोलानें टाकून दिली. आज त्याच गाडीच्या चाहत्यांचीं मंडळें आहेत, आणि बर्लिनमध्यें प्रवासी पैसे मोजून तिच्यांत बसतात. तिच्यांत सौंदर्य होतें म्हणून नव्हे, तर एका पिढीचें लहानपण तिच्या मागच्या आसनावर गेलें म्हणून. आमच्या मतें भविष्य वर्तविणाऱ्यानें गाडीची पत्रिका मांडण्यापूर्वीं गिऱ्हाइकाचें वय पाहावें. पंधराव्या वर्षीं जी गाडी हवीहवीशी वाटली आणि घेतां आली नाहीं, ती मनुष्य पन्नाशींत, हातीं पैसा आला म्हणजे, शोधूं लागतो.

या कसोटीनें आमच्याकडील रस्ते पाहूं लागलों, म्हणजे कांहीं नांवें आपोआप पुढें येतात. कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली प्रीमियर पद्मिनी मुंबईंत टॅक्सी म्हणून इतकी बोकाळली होती कीं, तिच्याकडे कोणी वळून पाहत नसे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नोंदणीची मुदत संपून शेवटची टॅक्सी निघून गेली, तेव्हां त्याच मुंबईला गहिंवर आला! त्यामानानें अलीकडच्या गाड्यांपैकीं १९९१ सालची टाटांची ‘सिएरा’ आम्ही आधीं घेऊं. बाजूंस दोनच दरवाजे आणि मागें छपराकडे वळलेल्या मोठाल्या कांचा असलेली ती गाडी फारशी खपली नाहीं, पण विसरलीही गेली नाहीं. २०२५ मध्यें तेंच नांव देऊन नवी गाडी काढावी असें कारखानदारांस वाटलें, यांतच सर्व आलें. दुसरें नांव घेतांच पुष्कळ वाचक हंसतील. तें नांव ‘नॅनो’. २००८ सालीं एक लक्ष रुपयांची गाडी म्हणून जगभर गाजलेली, मागें दोन सिलिंडरांचें ६२४ घनसेंटिमीटरचें इंजिन असलेली ही गाडी २०१८ मध्यें बंद पडली. ‘स्वस्त’ या विशेषणानेंच तिचा घात केला. जिला बाळगण्याची लाज वाटते ती कोणी जपत नाहीं. आणि म्हणूनच एके दिवशीं तिच्या थोड्या प्रति उरतील, व ती काय होऊं पाहत होती याची कथा मात्र सर्वांस ठाऊक असेल.

परंतु नुसती आठवण पुरत नाहीं; गाडीनें मधल्या काळांत जिवंतही राहिलें पाहिजे. आपल्याकडे खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनीं तपासणी आणि नूतनीकरण. उलटपक्षीं, २०२१ च्या नियमांप्रमाणें ५० वर्षें पुरीं झालेल्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या गाडीसच ‘व्हिंटेज’ हा मान व निराळा क्रमांक मिळतो. म्हणजे पंधरा आणि पन्नास यांमधील ३५ वर्षें गाडीस ना तारुण्याची किंमत, ना वार्धक्याचा मान! दुसरी अडचण याहून कठीण. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर कोपऱ्यावरचा मिस्त्री उघडून पेट्रोलनें धुऊन परत बसवितो. आजच्या गाडीचें इंजिन, ब्रेक, दिवे, फार काय, दरवाजेही, संगणकाच्या आज्ञेंत वागतात. ती आज्ञावली कंपनीच्या कुलुपांत असते. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी तर वर्षांबरोबर झिजणारच. चाळीस वर्षांनीं ती आज्ञावली दुरुस्त करणारा कोणी असेल काय, यावर आजच्या पुष्कळशा डौलदार गाड्यांचें भवितव्य अवलंबून आहे.

आमच्या दारांत १९९८ सालची एक मारुति ८०० उभी आहे. या जातीच्या २५ लक्षांहून अधिक गाड्या निघाल्या, तेव्हां दुर्मिळपणाचा गर्व तिनें करूं नये हेंच बरें. आमचा भाचा हिशेबी आहे. विमा, तपासणी, टायर यांची बेरीज करून, तेवढ्या खर्चांत भाड्याच्या गाडींतून किती हिंडतां येईल, हें त्यानें आम्हांस कागदावर दाखविलें. बेरजेंत चूक नव्हती. तिला व्हिंटेजचा मान मिळावयाचा तर २०४८ साल उजाडावें लागेल, आणि तेव्हां आम्ही ऐंशीच्या उंबरठ्यावर असूं. तरीही दर रविवारीं आम्ही ती काढतों. आमच्या वडिलांना शेवटच्या दुखण्यांत रुग्णालयांत नेलें तें हिच्यांतून, आणि मुलगी गाडी शिकली तीही हिच्यावरच. मुलगी आतां परगांवीं असते. ‘मला विचारल्यावांचून विकूं नका,’ एवढेंच तिनें सांगून ठेविलें आहे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचें सांगणें असें कीं, गाडी घेऊन ठेवूं नका. घेऊन वापरा, आणि वापरतांना सांभाळा. तुमच्यानंतर ती सांभाळावी असें दुसऱ्या एखाद्यास वाटलें, तर तिच्या अभिजातपणाचा आरंभ झाला असें समजा. किंमत ठरविणारे पुढें पुष्कळ येतील. आमच्या मारुतीला हा मान मिळेल कीं नाहीं, हें वर्तविण्याचें साहस आम्ही करीत नाहीं. येत्या तपासणीची तारीख मात्र आम्हीं भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेविली आहे.