राखण आधी, नामकरण मागाहून

आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे चीनच्या सेचुआन प्रांतात जाऊन आले. पूर्वीचे निसर्गसंशोधक ज्या वाटांनी फिरले, त्याच वाटांनी जाणकार वाटाड्यासोबत हिंडावयाचे, अशा सहली हल्ली निघतात. ह्यांची सहल फादर आर्मां दाव्हीद ह्यांच्या मार्गाने गेली होती. परतल्यावर दोघे आम्हांस भेटावयास आली. ‘‘फादर, एवढा खर्च केला, पण रानातला पांडा काही दिसला नाही. वाटेत ताजी विष्ठा व चावलेले बांबू दिसले, तोच वाटाड्याने आम्हांला मागे फिरवले. जनावराला त्रास नको, म्हणाला.’’ त्यांच्या स्वरात खंत होती.

आम्ही म्हणालो, ‘‘फादर दाव्हीदांनाही पांडा प्रथम भेटला तो रानात नव्हे, आणि जिवंतही नव्हे.’’

संत विन्सेंट द पॉल ह्यांच्या संघाचे हे फ्रेंच मिशनरी १८६२ साली बीजिंगला आले. धर्मकार्यासोबत पॅरिसच्या संग्रहालयासाठी वनस्पती व प्राण्यांचे नमुने जमविण्याचे काम त्यांनी केले. ११ मार्च १८६९ रोजी देंगचिगौ येथील मिशनजवळ एका जमीनदाराच्या घरी त्यांनी काळ्यापांढऱ्या अस्वलाचे कातडे पाहिले. पुढे बाराच दिवसांनी त्यांच्या ख्रिस्ती शिकाऱ्यांनी एक पिलू आणून दिले. ते जिवंत पकडले होते. वाहून आणणे सोपे जावे म्हणून वाटेत मारले. पाश्चात्त्य जगाला पांडाची ओळख झाली ती अशी.

सेमिनरीत असताना आम्हांस ह्या फादरांचा मोठा अभिमान वाटे. तो आजही आहे. परंतु त्या पिलाची हकीकत वाचल्यापासून त्यात एक बोच राहिली आहे. नमुना मिळवावयाचा तर प्राणी मारावयाचा, ही त्या काळच्या शास्त्राची रीत होती, हे खरे.

त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या हरणाची कथा निराळी आहे. १८६५ साली बीजिंगच्या दक्षिणेस बादशाही शिकारबागेच्या भिंतीपलीकडे त्यांनी ही हरणे पाहिली. पुढे काही जिवंत हरणे युरोपात गेली. १८९५ च्या पुरात बागेची भिंत फुटली, १९०० च्या धुमाळीत उरलीसुरली हरणे मारली गेली. इंग्लंडमध्ये बेडफर्डच्या ड्यूकने युरोपातली हरणे आपल्या वोबर्नच्या उद्यानात एकत्र करून वाढविली, म्हणून ही जात तगली. आणि १९८५ साली तिचे वंशज त्याच जुन्या बागेच्या जागी परत आले. फादरांनी जगाला ओळख करून दिली. जीव वाचला तो मात्र राखण झाली म्हणून.

उत्पत्तीच्या ग्रंथात देव आदामाला प्रथम बागेची मशागत व राखण सोपवितो. प्राण्यांना नावे देणे त्यानंतर येते. हा क्रम आम्ही कितीदा वाचला, पण त्याकडे लक्ष गेले नव्हते. तुमच्या वाटाड्याने तो पाळला, असे आम्ही त्या जोडप्यास सांगितले. त्याने तुम्हांला मागे फिरवले, हेच त्या सहलीचे सार.

बोलता बोलता आमचा आवाज खाली आला. चर्चच्या आवारातला जुना उंबर वाहने लावण्यासाठी तोडावयाचे ठरले, तेव्हा संमतीची सही आमचीच होती. त्यावर कोणते पक्षी येत, हे आम्ही कधी विचारलेही नव्हते. सेचुआनच्या बांबूवनाविषयी बोलावयाचा आम्हांस काय अधिकार?

ती दोघे थोडा वेळ गप्प राहिली. मग बाई म्हणाल्या, ‘‘फादर, विहिरीजवळचा दुसरा उंबर अजून आहे.’’

येत्या रविवारी मिसानंतर धर्मशिक्षणाच्या मुलांना घेऊन आम्ही त्याच्याखाली बसणार आहोत. पक्षी ओळखणारे एक शिक्षक येतील. नावे ते सांगतील. तो उंबर राखण्याचा शब्द मात्र मुलांसमक्ष आम्हांसच द्यावयाचा आहे.