लाल पट्टीची जागा

नव्या गावात उतरलेला माणूस आधी देऊळ विचारतो, मग बाजार, आणि पाय दुखू लागले की चहाचे हॉटेल. माझी रीत थोडी निराळी आहे. मी आधी त्या गावातली वाहने पाहतो. वाहने पाहतो म्हणजे त्यांचा रंग किंवा वेग नव्हे, तर त्यांच्या अंगावर काय काय लिहिलेले, रंगवलेले आणि चिकटवलेले आहे ते. माणसाच्या कपाळावरचे लिखित कोणाला वाचता येत नाही. वाहनाच्या कपाळावरचे मात्र फुकट वाचायला मिळते.

वसमतला गेलो तो ऐन गळिताच्या हंगामात. कल्याणहून निर्मळला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ परभणी सोडून नांदेडकडे निघतो, तेव्हा वाटेत हे गाव लागते. काळीभोर जमीन, तिला येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांचे पाणी, मग पिकांना काय तोटा? इथल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि वसमतचे नाव देशाच्या दप्तरात पिवळ्या अक्षरांत लिहिले गेले. हळदीच्या जोडीला ऊस. पूर्णा सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. त्यामुळे हिवाळ्यात इथल्या रस्त्यावर उभे राहिले की ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, टायरगाड्या आणि फटफट्या यांची जत्राच डोळ्यांपुढून सरकते.

एका हॉटेलच्या बाकावर बसून मी ही जत्रा वाचू लागलो. नव्या गाड्यांवर ‘एमएच ३८’, म्हणजे हिंगोली जिल्हा. मधूनच एखादा जुना ट्रॅक्टर ‘एमएच २२’ मिरवीत जाई. तो परभणीचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. कागदोपत्री वाटणी केव्हाच झाली, पण म्हाताऱ्या ट्रॅक्टरने आपले माहेरचे नाव टाकलेले नाही!

वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. काय चिकटवावे याला सरकारचा नियम असतो, तसाच ते कुठे चिकटवावे यालाही असतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या मोटारींना पुढची-मागची पाटी असूनही नोंदणीची तिसरी खूण लागते. ती समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात आतून चिकटवायची. पेट्रोलच्या गाडीची फिकट निळी, डिझेलची नारिंगी. काढू गेल्यास ती फाटावी अशीच तिची घडण, म्हणजे एकीची खूण दुसरीच्या काचेवर जाणार नाही. नाक्यावरचा टोल आपोआप कापणारा फास्टॅगही समोरच्या काचेलाच आतून लावायचा असतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात बर्फावरून धावणाऱ्या गाड्या आहेत. त्यांनासुद्धा वाटेचा परवाना घेऊन तो गाडीच्या पुढच्या अंगाला डकवावा लागतो. बर्फ असो की वसमतची काळी माती, परवान्याची जात एकच.

आमच्या लहानपणी सायकलला म्युनिसिपालिटीचा बिल्ला असे. कर भरला की पत्र्याचा बिल्ला हाती येई आणि तो सायकलला तारेने बांधायचा. काही शहाणे मात्र चोरीच्या भीतीने तो खिशात ठेवीत आणि शिपायाने अडवले की ऐटीत काढून दाखवीत. ही जात अजून नाहीशी झालेली नाही. फास्टॅग काचेला न लावता हातात धरून नाक्यावर दाखवणारे इतके निघाले, की जुलै २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला अशांकडून दुप्पट टोल घेण्याचा आदेश काढावा लागला. मालकाला वाटते, खूण आपल्यापाशी आहे ना, मग झाले! पण खूण ही ठेव नव्हे. ज्याने ती पाहायची, त्याला ती दिसली तरच ती खूण.

हे सारे मजेचे वाटेल, पण दिवस कलला आणि मजा ओसरली. कारखान्याकडे जाणारी एक जोडट्रॉली हॉटेलासमोर थांबली. उसाच्या मोळ्या मागच्या फाळक्याच्या बाहेर हातभर लोंबत होत्या. फाळक्यावर प्रकाश परतवणारी लाल पट्टी होती खरी, पण ती मोळ्यांच्या पडद्याआड गेलेली. मी चालकाला म्हटले, “दादा, तुमची पट्टी दिसत नाही.”

तो हसला नाही. म्हणाला, “तिच्या भरवशावर न्हाई मी, काका. खाली वाका की.”

वाकून पाहिले. फाळक्याच्या खाली, चेसीसच्या आडव्या लोखंडावर, उजव्या आणि डाव्या टोकाला दोन लाल पट्ट्या होत्या. तिथपर्यंत ऊस पोचत नव्हता. चालकाने फडके पाण्यात भिजवून दोन्ही पुसल्या आणि मग सांगितले, “माझा मेव्हणा गेल्या साली असाच उभ्या ट्रॉलीवर फटफटी घेऊन गेला. पट्टी व्हती त्या ट्रॉलीला. उसामागं व्हती.” मेव्हणा वाचला, पण पाय गेला, एवढे सांगून तो गप्प झाला.

मग मीच विचारले, “दोन टोकांना का? मधोमध एक मोठी का नाही?”

“मधी एकच दिसली तर मागच्याला वाटतं फटफटी हाय. बाजूनं काढाया जातो आन् कोपऱ्यावर आदळतो. दोन टोकाला दोन असल्या म्हंजी गाडीची रुंदी कळती.”

पुस्तकात हीच गोष्ट दुसऱ्या भाषेत आहे. नियमाने अवजड वाहनाला पुढे पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल पट्टी. या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा इवले लोलक असतात. आरशावर तिरका प्रकाश पडला तर तो भलतीकडे निघून जातो. ही पट्टी मात्र प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवते. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. टायर फुटून ट्रॉली अंधारात उभी राहिली, ट्रॅक्टर सोडवून नेला, तरी ती आपले काम करीतच राहते. तिला बाधा दोनच गोष्टींची: वर लावली तर ऊस झाकतो, फार खाली लावली तर चाकांचा चिखल. त्या दोन्हींच्या मधली वीतभर जागा शोधायची. गंजावर किंवा धुळीवर न डकवता लोखंड घासून, कोरडे करून डकवायची, आणि रोज निघताना फडके फिरवायचे. एवढाच काय तो खर्च.

ट्रॉली पुढे गेली. मागून एक एस. टी. आली, तिचे दिवे पडले आणि कितीतरी लांबवर ते दोन लाल ठिपके एका रेषेत पेटलेले दिसत राहिले. एस. टी.ने वेग कमी केला.

गाडीवरच्या बहुतेक खुणा पोलिसासाठी असतात, काही टोलवाल्यासाठी आणि काही मालकाच्या मिरवण्यासाठी. मागच्या दोन पट्ट्या तेवढ्या अनोळखी माणसासाठी. तो कोण, कुठला, कोणत्या घाईत घरी चालला आहे, हे चालकाला कधीच कळणार नाही. त्यानेही मागे वळून आभार मानायचे नाहीत. आपल्याला जे कधी दिसणार नाही, ते दुसऱ्याला दिसावे म्हणून रोज पुसून ठेवणे, ही रीत वसमतच्या रस्त्यावर मी पाहिली. यंदा गळीत सुरू होईल तेव्हा ज्यांच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरतील, त्यांनी दिवाळीचे दिवे लावून झाले की एकदा फडके घेऊन ट्रॉलीच्या मागे जावे आणि खाली वाकून पाहावे.