केळीच्या नोटा

किंमत उतरलेल्या वस्तूस आपण मराठीत कवडीमोल म्हणतो, न चालणाऱ्या नाण्यास खोटा पैसा म्हणतो. सिंगापूरच्या इंग्रजीत याच जातीचा आणखी एक शब्द आहे : ‘बनाना मनी’, म्हणजे केळीचा पैसा. इकडे आलेली आपली मंडळी तो वाटेल तिथे वापरतात. भाजी महागली की ‘आमचा पगार बनाना मनी झाला’ म्हणून मोकळी होतात. आम्हांला हे पटत नाही.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि त्यांनी स्वतःच्या नोटा चालू केल्या. दहा डॉलरच्या नोटेवर केळीचे झाड होते, त्यावरून हे नाव. पहिल्या नोटांवर क्रमांक तरी असे; पुढे तोही गेला, नुसती अक्षरे उरली. लागतील तेवढ्या छापल्या, त्यात नकलीही निघाल्या, आणि महागाईला धरबंध राहिला नाही. नोटेवर मात्र इंग्रजीत ठसठशीत वचन होते, की मागताक्षणी जपान सरकार धारकास रक्कम देईल. सप्टेंबर १९४५मध्ये इंग्रज परतले, त्यांनी ते चलन अमान्य केले. बदली कोणाला काही मिळाले नाही.

तेव्हा खोटा पैसा वेगळा आणि हा वेगळा. खोटा पैसा जन्मतःच खोटा. केळीचा पैसा चालू असताना खरा होता. तो नाकारण्याची कोणाची छाती नव्हती. युद्धापूर्वीची कर्जेसुद्धा लोकांनी त्याच नोटांनी फेडली, आणि ती फिटली असे मानावे की नाही, यासाठी पुढे कायदा करावा लागला. सावकाराविषयी वाईट वाटण्याची आम्हांला सवय नाही, पण त्या सावकारांचे वाटते.

याच कसोटीवर आपली उदाहरणे लावून पाहावीत. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी भारतात पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या, पण त्या वर्षअखेरपर्यंत बँकेत भरता आल्या. इस्रायलात १९८०मध्ये दहा लिरांचा एक शेकेल झाला, १९८५मध्ये हजार जुन्या शेकेलांचा एक नवा. शून्ये उडाली, महागाईने घरोघरी रडवले, तरी जुन्याच्या बदली नवे हाती पडले. हा केळीचा पैसा नव्हे. देणाराच नाहीसा झाला आणि वचन कोणी पाळले नाही, तिथेच हा शब्द शोभतो.

आमच्या वॉर्डात एक चिनी आजी होत्या. उशाशी बिस्किटांचा डबा, त्यात या नोटांची जुडी. साफसफाईच्या वेळी एका नव्या नर्सने हसून म्हटले, ‘आजी, हा तर बनाना मनी, टाकून द्या!’ आजी रागावल्या नाहीत. आईने लग्नातल्या दोन बांगड्या विकल्या, त्याचे हे आले, एवढेच त्यांनी सांगितले. दुधासाठी विकल्या होत्या. दूध मिळालेच नाही, नोटा राहिल्या. डबा आम्ही पुसून परत उशाशी ठेवला.

आता जुन्या नाण्यांच्या दुकानांत या नोटा विकत मिळतात. साधी नोट स्वस्त जाते. क्रमांक असलेलीला भाव जास्त.