पोर्तुगीज चर्चचा स्टॉप

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. त्याला घेऊन बसमधून येत होते. कंडक्टर ओरडला, "पोर्तुगीज चर्च!" आम्ही उतरलो. नातवाने मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "आजी, यात पोर्तुगीज काय आहे?"

बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. माझं माहेर प्रभादेवीचं आणि सासर गोखले रोडचं. म्हणजे सत्तराहून अधिक वर्षं हे चर्च माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. पण रोजच्या वाटेवरची गोष्ट आपण कुठे बघतो?

चर्चचं खरं नाव 'अवर लेडी ऑफ साल्वेशन'. मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे होती तेव्हा, १५९६ मध्ये, फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इथे पहिलं चर्च बांधलं. पुढे १६६१ च्या तहात मुंबई हुंड्यात इंग्रजांकडे गेली. पोर्तुगीज गेले, चर्च राहिलं आणि लोकांच्या तोंडी तेच नाव राहिलं. नातवाला एवढं सांगितलं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आज समोर दिसते ती इमारत पोर्तुगीज नाहीच. ती १९७४ ते ७७ या काळात उभी राहिली आणि तिचे वास्तुविशारद होते चार्ल्स कोरिया.

तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. नवीन काँक्रीटचे ते उंच, निमुळते आकार पाहून आम्ही शिक्षक खोलीत यथेच्छ नाकं मुरडली. "हे चर्च की धान्याचं कोठार?" हे वाक्य माझंच. आमच्या चित्रकलेच्या बाई याच चर्चच्या. त्या नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, "एकदा आत येऊन बघा." मी 'येते' म्हटलं आणि वीस वर्षं गेले नाही. गेले ती त्यांच्याच अंत्यविधीला.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर रस्ता भाजत होता. आत गेले आणि पहिलं काय जाणवलं असेल, तर गारवा. मग लक्षात आलं, की आपण नक्की 'आत' कधी आलो तेच कळलं नाही. इथे एक मोठी बंद खोली नाही. काही जागा छपराखाली, काही उघड्या आभाळाखाली, आणि सगळ्या एकमेकींत गुंतलेल्या. मी बाहेरून ज्याला कोठार म्हणाले होते, ती त्या झाकलेल्या जागांवरची काँक्रीटची छपरं. तापलेली हवा वर चढून त्यांच्यातून निघून जाते, धुराड्यातून धूर जावा तशी. उजेडही वरूनच उतरतो.

या जागांच्या रचनेला अर्थ आहे, हे मला नंतर वाचून कळलं. येशूच्या आयुष्याचे तीन टप्पे कोरियांनी त्यात योजले आहेत : बाप्तिस्मा, लोकांमध्ये फिरून केलेला उपदेश आणि क्रुसावरचं बलिदान. काळही तसाच होता. १९६२ ते ६५ या वर्षांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी लोकांच्या भाषेत होऊ लागली, फादर वेदीमागून लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. प्रार्थनेची रीत बदलली, तशी जगभरच्या चर्चची घडणही बदलत गेली.

कोरियांचा एक आवडता विचार होता. आपल्यासारख्या उष्ण हवेत उघड्या आभाळाखालची जागा ही चैन नाही, ती घराचाच भाग आहे. साबरमतीचं गांधी संग्रहालय (१९६३) पाहा, पुण्याचं आयुका पाहा, चौक आहेच. २०१५ मध्ये ते गेले.

त्या दुपारी बाईंना निरोप द्यायला खूप माणसं आली होती. आत मावली नाहीत ती चौकात उभी राहिली. पण चौकातला माणूस बाहेर राहिला असं वाटत नव्हतं. जुन्या विद्यार्थिनी, शेजारी, आमच्या शाळेचा शिपाई, सगळे त्या विधीतच होते. मी मनातल्या मनात बाईंची माफी मागितली.

हे सगळं आता आठवायला कारण घडलं. आमच्या चाळीचा पुनर्विकास व्हायचा आहे. बावीस मजली इमारत, लिफ्ट, संडास घरात. या वयात मला त्याचं मोल कळतं. जुनं तेवढं सोनं असं मी म्हणत नाही. त्या चर्चने मला तेवढं शिकवलं आहे. इमारत पूर्ण बदलूनही माणसांना एकत्र उभं राहायला जागा ठेवता येते. बैठकीत मी बिल्डरच्या माणसाला एकच विचारलं, "आमचा चौक कुठे आहे?" याच चौकात माझ्या नणंदेचं लग्न लागलं, याच चौकातून सासूबाईंना नेलं. त्याने नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथे पार्किंग."

सगळ्यांच्या सह्या झाल्या आहेत. माझी तेवढी राहिली आहे. मुलगा रोज फोनवर विचारतो. करीन बहुतेक. पण चौकाचं आधी पुन्हा एकदा विचारणार आहे.

असो. नातवाला म्हटलं, "पोर्तुगीज फक्त नाव आहे रे. बाकी आत येऊन बघ." आणि या वेळी वीस वर्षं लावली नाहीत, तसंच त्याला हाताला धरून आत नेलं.