उदय गावाचा

तिथी कुठल्याच गावाची नसते. चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की तिथी बदलते, आणि ती अक्कलकोटला, मुंबईला नि सिंगापूरला एकाच क्षणी बदलते. उदय मात्र ज्या त्या गावाचा. म्हणून सूर्यचंद्राच्या वेळा काढणाऱ्या माझ्या प्रोग्रामात सगळ्यात आधी गाव येतं : अक्कलकोट, अक्षांश १७.५ उत्तर, रेखांश ७६.२ पूर्व.

मुंबईपेक्षा आम्ही सव्वातीन अंश पूर्वेला आहोत, म्हणजे घड्याळात तेरा मिनिटं. पण मुंबईच्या वेळेतून सरसकट तेरा वजा करून भागत नाही. अक्षांशातल्या दीड अंशाच्या फरकामुळे डिसेंबरात सूर्य आमच्याकडे सुमारे सोळा मिनिटं आधी उगवतो, जूनमध्ये जेमतेम दहा. संकष्टीला दिवसभर उपास करून आई गच्चीवर जाते, तेव्हा तिला मुंबईची वेळ काय कामाची? तिला अर्घ्य द्यायचंय ते इथल्या चंद्राला.

सूर्याचं गणित सोपं आहे आणि त्याची परीक्षा अंगणात घेता येते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची, त्यामुळे आमची खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून २५ मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२.०९ला येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२.३९पर्यंत लांबते. १० मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही तसंच होतं, फक्त तेव्हा ढगांनी वाट दिली पाहिजे.

चंद्राची गोष्ट वेगळी. सूर्य त्याला सारखा ओढत असतो, त्यामुळे त्याची चाल एका सूत्रात मावत नाही. ज्याँ मेउस यांच्या प्रसिद्ध ग्रंथात चंद्राच्या भोगासाठी साठ आणि शरासाठी साठ पदांची कोष्टकं आहेत. ती सगळी बेरीज करून मिळतो तो पृथ्वीच्या केंद्रातून दिसणारा चंद्र. गच्चीवरून बघताना लंबनामुळे तो क्षितिजापाशी जवळजवळ एक अंश, म्हणजे त्याच्याच बिंबाच्या दुपटीइतका, खाली दिसतो. ही दुरुस्ती गाळली तर चंद्रोदय सुमारे चार मिनिटं आधी छापला जातो. शिवाय आपण उदयाची वेळ शोधतो तोवर चंद्र थांबलेला नसतो. तासाला अर्धा अंश तो पुढे सरकतोच. म्हणून वेळ काढायची, त्या वेळेचा चंद्र पुन्हा काढायचा, पुन्हा वेळ काढायची, आकडा स्थिर होईपर्यंत.

महिन्यातून एकदा असंही होतं की एखाद्या तारखेला चंद्रोदयच नसतो. आदल्या रात्री तो बाराच्या थोडा आधी उगवलेला असतो आणि पुढचा उदय थेट नंतरच्या तारखेत, बारा वाजून गेल्यावर. पंचांगात मध्यरात्रीपाशी ही अडचण येत नाही, ती अमावास्येच्या आसपास सरकते, कारण तिथे दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात. मला ती पद्धत अधिक शहाणपणाची वाटते आणि माझा प्रोग्राम तीच पाळतो.

आमच्या गावाचं भाग्य म्हणजे सपाट क्षितिज. काळ्या रानापलीकडे डोंगर नाही, त्यामुळे गणितातला सूर्योदय आणि डोळ्यांना दिसणारा सूर्योदय जवळपास जुळतात. काही सॉफ्टवेअर समुद्रसपाटीपासूनची उंची विचारतात. तिथे आमचे साडेचारशे मीटर भरले की सूर्य अडीच मिनिटं लवकर उगवलेला दाखवतात, जणू आम्ही समुद्रकाठच्या कड्यावर उभे आहोत. भोवतालचं पठारही तेवढंच उंच आहे, म्हणून तिथे मी शून्य भरतो. आणि सेकंद मी कधीच छापत नाही. क्षितिजाजवळची हवा प्रकाशाला सुमारे ३४ कला वाकवते, पण पौषातल्या थंडीत नि वैशाखातल्या धुळीत सारखी वाकवत नाही. तिथे सेकंद दाखवणं म्हणजे नसलेली अचूकता विकणं.

कुठली अचूकता ठेवायची आणि कुठली सोडायची, हा विचार आपल्याकडे जुना आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात त्यांनी ज्या-चापाची किचकट आकडेमोड टाळली आणि दिवसांची मोठी संख्या ४०१६ दिवसांच्या चक्रांत मोडली, म्हणजे साध्या जोशालाही पाटीवर ग्रह काढता यावेत. मी तो ग्रंथ प्रोग्रामरच्या नजरेने वाचतो आणि प्रत्येक वेळी त्यांच्याविषयीचा आदर वाढतो.

अवघड प्रसंग क्वचित येतो. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. आमचा चंद्र उगवला तेव्हा तृतीया आहे आणि पुढच्या तेरा मिनिटांत, मुंबईचा चंद्र उगवायच्या आत, चतुर्थी लागली, तर दोन गावांची संकष्टी वेगवेगळ्या दिवशी येऊ शकते. अशा दिवशी माझा प्रोग्राम निर्णय देत नाही. तिथी लागण्याची वेळ आणि अक्कलकोटचा चंद्रोदय, दोन्ही शेजारी छापतो आणि खाली लिहितो : सोलापूरचं दाते पंचांग पाहावं.