पानाचे पिवळे टोक

नोकरीची बहुतेक वर्षे धुळे-जळगावच्या शिवारात मी गव्हाची पारख एकाच कसोटीवर केली. पानावर अंगठा फिरवायचा. तांबेरा रोगाची गेरूसारखी पूड लागली की वाण बाद. शेतकऱ्यांनाही तेच सांगत आलो. आज मात्र थोडासा तांबेरा येऊ देणारा वाण मला जास्त भरवशाचा वाटतो.

डागच पडू न देणारी ताकद बहुधा एकाच जनुकाच्या जिवावर असते. तांबेऱ्याची बुरशी जराशी बदलली की ते जनुक तिला ओळखत नाही आणि सारे शिवार एकदम उघडे पडते. राय या धान्यातून गव्हात आणलेले एसआर-३१ हे जनुक जगभर पेरले गेले; युगांडात सापडलेल्या, काळ्या तांबेऱ्याच्या यूजी-९९ या प्रकाराने ते मोडले.

संथ प्रतिकाराची तऱ्हा वेगळी. तांबेरा येतो, पण उशिरा. फोड बारीक, थोडे, पूडही कमी. आपल्याकडे एवढ्याने काम का भागते, ते के. सी. मेहतांच्या संशोधनातून कळते. मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही. निलगिरी-पळणीच्या डोंगरांत तग धरून तो वाऱ्याबरोबर वर येतो. इकडे खानदेशचा गहू फेब्रुवारीच्या उन्हाने पिकायची घाई करतो. बुरशीची प्रत्येक पिढी थोडी लांबली, तरी तोवर दाणा भरून जातो.

खरा धक्का पुढेच होता. असा संथ प्रतिकार देणाऱ्या एलआर-३४ या जनुकाची उकल २००९ मध्ये झाली. ते तपकिरी आणि पिवळा तांबेरा, शिवाय भुरीही मंदावते. त्याची खूण कोणती? शेंड्याच्या पानाचे टोक पिवळे पडून वाळणे! असे टोक दिसले की मी जमीन खारवट ठरवून मोकळा व्हायचो. दुसरे एसआर-२. अमेरिकेत मॅकफॅडन यांनी ते यारोस्लाव्ह नावाच्या खपली गव्हातून 'होप' वाणात आणले. शंभर वर्षे होत आली, तरी ते टिकून आहे. त्याच्यामुळे काही हवामानात तुसे आणि पेरे काळपट होतात. काळ्या ओंबीचा गहू बाजारात कोण घेणार, म्हणून आम्ही नाक मुरडायचो.

अर्थात, प्रत्येक पिवळे टोक म्हणजे एलआर-३४ नव्हे. खारवट जमीन खरोखरच असते. असले एकटे जनुक जोराच्या साथीत पुरत नाही, चार-पाच एकत्र आली तर पान जवळजवळ स्वच्छ राहते. रोपावस्थेत तर त्यांचा फारसा उपयोगही नाही. म्हणून पैदासकाराला पीक मोठे होईपर्यंत थांबावे लागते, आणि महाबळेश्वरच्या गहू गेरवा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी मुद्दाम रोगाच्या तोंडी दिलेल्या ओळी मोलाच्या ठरतात.

लोकवनची पोळी मलाही आवडते, पण तांबेऱ्यापुढे तो नाजूकच. तेव्हा यंदा बियाणे घेताना 'रोग येतो का?' एवढ्यावर थांबू नका. दाणा भरेपर्यंत शेंड्याचे पान किती हिरवे राहते, तेही विचारा.